महिषाचे कुरण

बारावे तीर्थंकर श्री वासुपूज्य स्वामी यांचे लांछन महिष आहे. मूर्तीच्या पीठावर कोरलेली ही आकृती दर्शनास जाणारे श्रावक ओळखतात. त्या महिषाचे रानातील कुळ महाराष्ट्रात आज गडचिरोलीच्या दक्षिण टोकालाच उरले आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

भामरागडजवळ पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात. पुढे इंद्रावती महाराष्ट्र आणि छत्तीसगड यांच्या सीमेवरून गोदावरीकडे जाते. तिच्या खालच्या अंगाला, सिरोंचा वनविभागात, कोलामार्का येथील १८०.७२ चौरस किलोमीटर क्षेत्र २०१३ साली रानम्हशींसाठी संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. पैलतीराच्या प्रदेशात इंद्रावती राष्ट्रीय उद्यान आहे.

रानम्हशीला उंच गवत, बारमाही पाणी आणि डुंबण्यासाठी चिखल लागतो. या गोष्टी वर्षभर एकाच ठिकाणी मिळत नाहीत. पावसाळ्यात गवत माळावर असते, तर उन्हाळ्यात नदीकाठी. म्हणून कळपाला फिरावे लागते. गावच्या गुराख्याची गुरेही याच क्रमाने चरतात.

व्यापारी कुटुंबांना वाटणी नवी नाही. एका पेढीच्या दोन पेढ्या झाल्या, तरी दोन्ही चालू शकतात. कुरणाचे तसे नाही. मध्ये शेत, रस्ता किंवा कुंपण आले की एका तुकड्यात गवत राहते आणि दुसऱ्यात पाणी. क्षेत्रफळ कागदावर फारसे घटत नाही, पण जनावर उपाशी राहते. शिवाय पाळीव गुरे आणि रानम्हशी उरलेल्या एकाच पाणवठ्यावर येतात. तेथे लाळ्या-खुरकूत, घटसर्प यांसारखे रोग पसरण्याचा धोका असतो. पाळीव म्हशींशी संकर होऊन रानटी वंशाची शुद्धताही नाहीशी होते.

हे इतरत्र घडून गेले आहे. केनियात मसाई पशुपालकांची कुरणे १९६८ च्या कायद्याने समूहांच्या नावे झाली आणि पुढे त्यांतील अनेक कुटुंबाकुटुंबांत विभागली गेली. नैरोबीच्या दक्षिणेकडील किटेंगेलाच्या मैदानात कुंपणे उभी राहिली. विल्डबीस्ट या प्राण्यांच्या स्थलांतराच्या वाटा अडल्या व त्यांची संख्या झपाट्याने घटली. दुष्काळात दूर जाऊन चारा गाठणे मसाईंच्या गाईंनाही कठीण झाले.

भामरागडच्या माडिया समाजात गाय दोहण्याची परंपरा नव्हती. दूध वासराचे, अशी त्यांची समजूत. जैन वाचकाला ही वृत्ती परकी वाटू नये. अशा गावांना रानाचे शत्रू ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मान्य केला आहे. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. गवत आणि पाणवठा सर्वांचा म्हणून राखता येतो, तो तुकडे करूनच सांभाळावा लागत नाही, हे त्यातून दिसते.

मुंबईच्या पांजरपोळाची स्थापना १८३४ साली झाली. तेव्हापासून जीवदयेसाठी व्यापाऱ्यांची थैली सैल राहिली आहे. मात्र हे दान बहुधा जनावर निराधार झाल्यावर त्याच्यापर्यंत पोहोचते. पर्युषणातील जीवदयेच्या रकमेचा थोडा भाग ग्रामसभा, वनविभाग आणि पशुवैद्यक यांच्या संमतीने आधीच्या कामाकडे वळू शकतो. वनाच्या कडेवरील गावांतील गुरांना वेळेवर लस, गावाजवळ वेगळा पाणवठा आणि गायरानात चाऱ्याची लागवड ही ती कामे. गावच्या गुरांचे पोट गावाजवळ भरले, तर नदीकाठचे गवत रानम्हशींना उरेल.

अपरिग्रहाचा अर्थ आपण बहुधा स्वतःच्या तिजोरीपुरता घेतो. ज्या जमिनीवर अनेक जीवांचा निर्वाह अवलंबून आहे, ती एकाच्या नावे बंदिस्त न करणे, हाही त्याच व्रताचा भाग आहे.