संघर्षाच्या प्रदेशातील शाळांचे संरक्षण

शाळा ही मुलांच्या विद्याभ्यासाची जागा. मोठ्यांच्या लढाईत तिला ओढू नये, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तथापि सशस्त्र संघर्षाच्या प्रदेशात ते मोडते कसे, हे शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या बस्तर विभागाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील पुष्कळ खेड्यांत शाळा हीच काय ती पक्की इमारत. भिंती भक्कम आणि पुढे मोकळे पटांगण, यामुळे २००५ नंतरच्या संघर्षात सुरक्षा दलांनी अनेक शाळांत तळ ठोकले. त्यामुळे त्या हल्ल्याचे लक्ष्य बनल्या. पुढे दले येऊन राहतील या सबबीवर माओवाद्यांनी अनेक शाळा सुरुंगाने उडविल्या. दोन्हीकडून नुकसान झाले ते मुलांचेच.

जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील शाळा व वसतिगृहे चार महिन्यांत रिकामी करण्याचा आदेश सुरक्षा दलांना दिला. शाळा नष्ट झालेल्या गावांतील मुलांसाठी बांबूच्या निवासी शाळा उभारण्यात आल्या. त्यांना ‘पोर्टा केबिन’ म्हणतात. त्यायोगे शिक्षणाची सोय झाली, परंतु लहान वयातच मुलांना घर सोडावे लागले.

आंतरराष्ट्रीय कायद्याचा रोखही हाच आहे. जिनीव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या पूरक करारानुसार, शाळेचा लष्करी वापर होत असल्याविषयी शंका असल्यास तो होत नाही, असेच मानावयाचे असते. लष्करी लक्ष्य नसलेल्या शाळेवर जाणूनबुजून केलेला हल्ला १९९८ च्या रोम येथील करारान्वये युद्धगुन्हा ठरतो. मात्र शाळेत सशस्त्र दल उतरले की हे संरक्षण डळमळीत होते. म्हणूनच २०१५ साली ऑस्लो येथे मांडलेल्या ‘सुरक्षित शाळा जाहीरनाम्या’त शाळांचा लष्करी वापर टाळण्यावर भर दिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२० साली ९ सप्टेंबर हा दिवस शिक्षणाच्या संरक्षणासाठी मुक्रर केला.

यातून शिक्षकांनी घ्यावयाचा बोध सरळ आहे. शाळेचे अभय ती केवळ शाळा राहण्यात आहे. इमारतीची मागणी कोणीही केल्यास ती तत्काळ वरिष्ठांना लेखी कळवावी. स्वतः वादात पडून मुलांचा वा आपला जीव धोक्यात घालू नये. हजेरीपट व दाखल्यांच्या नोंदींची एक प्रत अन्यत्र ठेवावी. संकटकाळी वर्ग कोठे भरवावयाचा, हे ग्रामस्थांशी आधीच ठरवावे. इमारत गेली तरी ती पुन्हा बांधता येते. मुलाचे हुकलेले वर्ष मात्र परत मिळत नाही.