डोंगरातल्या स्टेट पार्कमध्ये आरव्ही नेताना

आई-वडील भारतातून आलेले असतात, मुलांना उन्हाळ्याची सुट्टी असते आणि अमेरिकेतल्या मराठी घरात विषय निघतो : या वेळी हॉटेल नको, आरव्ही घेऊन डोंगरात जाऊ या. बेत छानच आहे. ज्येष्ठांना हवं तेव्हा आडवं होता येतं, संडास सोबत असतो, चहा आपल्या हातचा मिळतो. पण पहिल्यांदा जाणारे बहुतेकजण आधी ठिकाण ठरवतात, मग तारखा आणि सगळ्यात शेवटी गाडी. डोंगरात हा क्रम उलटा हवा. तिथे गाडीचं माप आधी ठरतं. रस्ता, मुक्कामाची जागा, विजेचा हिशेब हे सगळं त्या मापावरून ठरतं.

आरव्ही म्हणजे पलंग, ओटा, फ्रिज आणि बाथरूम असलेली गाडी. स्वतःचं इंजिन असलेली ती मोटरहोम, आपल्या गाडीमागे जोडून ओढायची ती ट्रेलर. उदाहरणासाठी आपण साउथ डकोटातलं कस्टर स्टेट पार्क घेऊ. ब्लॅक हिल्सच्या डोंगररांगेतलं हे पार्क सुमारे ७१,००० एकरांचं आहे आणि त्या राज्यातलं सगळ्यात मोठं आहे. आरव्हीच्या प्रवासात जे जे अडू शकतं, ते ते इथे आहे, म्हणून शिकायला हे उत्तम.

पहिली पायरी गाडीची. ट्रेलर मागे घेताना तो उलट्या दिशेला वळतो आणि ती सवय व्हायला वेळ लागतो. त्यामुळे पहिल्या खेपेला ट्रेलर नको, मोटरहोम घ्या. त्यातही ज्यांच्यात ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो त्या, म्हणजे क्लास सी प्रकारातल्या गाड्या चार-पाच माणसांना पुरतात आणि साध्या लायसन्सवर चालवता येतात. लांबी २५ फुटांच्या आत ठेवा. ‘थोडी मोठी घेतली तर ऐसपैस होईल’ हा मोह डोंगरात महागात पडतो. कस्टरमधल्या सिल्व्हन लेक कॅम्पग्राउंडवर २७ फुटांपेक्षा लांब आरव्हीला प्रवेशच नाही.

गाडी ठरली की भाड्याने देणाऱ्याकडून चार आकडे लिहून घ्या : लांबी, आरशांसकट रुंदी, छतावरच्या एसीसकट उंची आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. लांबी मोजताना मागची शिडी आणि सायकलचं स्टँडही धरायचं. उंचीचा आकडा एका पट्टीवर ठळक लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. भाड्याच्या अनेक करारांत छताला झालेलं नुकसान विम्यात धरत नाहीत. पेट्रोल पंपाचं छप्पर किंवा झाडाची खाली आलेली फांदी तेवढं नुकसान सहज करते. आपल्या कारचा विमा भाड्याच्या आरव्हीला लागू होतो का, हे विमा कंपनीला फोन करून विचारा. लागू होतच असेल, असं गृहीत धरू नका.

दुसरी पायरी जागेच्या आरक्षणाची. कस्टरमधल्या जागा वर्षभर आधी खुल्या होतात आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा भराभर जातात. तारखा निवडताना दोन गोष्टी बघा. ऑगस्टच्या सुरुवातीला जवळच्या स्टर्जिस गावात मोटरसायकलवाल्यांचा मोठा मेळा भरतो आणि सगळा ब्लॅक हिल्स गजबजून जातो. सप्टेंबरच्या अखेरीस पार्कमधल्या बायसनचा कळप घोडेस्वार एकत्र हाकून आणतात, तेव्हाही गर्दी उसळते. तो सोहळा बघायचाच असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर ते दिवस टाळा.

प्रत्येक जागेपुढे तिची लांबी दिलेली असते. गाडी २४ फुटांची आणि सोबत कार असेल तर दोन्ही कुठे उभ्या राहतील, ते नकाशावर बघा. काही जागांमध्ये एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येतं. तशी मिळाली तर जरूर घ्या. आणखी एक गोष्ट हटकून राहते : जागेचं भाडं आणि पार्कचं प्रवेशशुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरक्षण झालं म्हणजे प्रवेशशुल्क भरलं, असं होत नाही.

आता रस्ता. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे थोडं थांबू या. कस्टरमधला नीडल्स हायवे १९२२ साली पुरा झाला. गव्हर्नर आणि पुढे सिनेटर झालेल्या पीटर नॉरबेक यांनी तो सुळक्यांमधून काढवून घेतला, तो निसर्ग बघायला. मोठ्या गाड्यांसाठी नव्हे. त्यावरच्या ‘नीडल्स आय’ बोगद्याची रुंदी ८ फूट आहे आणि उंची ९ फूट ९ इंच. क्लास सी मोटरहोम आरसे न धरताच साधारण आठ फूट रुंद असते आणि उंचीला दहा फुटांच्या वर जाते. म्हणजे ती या बोगद्यातून जाऊच शकत नाही. बोगद्याच्या तोंडाशी पोचल्यावर मागे दहा गाड्या उभ्या असतात आणि वळवायला जागा नसते. आयर्न माउंटन रोडवरही बोगदे आहेत, शिवाय लाकडी पुलांवरून गोल फिरत चढणारी वळणं आहेत.

फोनवरच्या नेहमीच्या नकाशाला आपण कार चालवतोय की आरव्ही, हे कळत नाही. तो जवळचा रस्ता दाखवतो आणि तो जवळचा रस्ता नेमका या बोगद्यांतून जाऊ शकतो. म्हणून रॅपिड सिटीहून येताना हायवे ७९ ने दक्षिणेला हर्मोसापर्यंत या, तिथून हायवे ३६ ने पश्चिमेला वळून पूर्वेकडच्या बाजूने पार्कमध्ये शिरा. हा मार्ग घरीच कागदावर लिहून घ्या आणि नकाशाही फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण पार्कमध्ये बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते.

मग नीडल्स हायवे बघायचाच नाही का? जरूर बघा, पण कारने. मला विचाराल तर डोंगरातल्या पार्कमध्ये आरव्हीसोबत एक छोटी कार असायलाच हवी. आरव्ही जागेवर उभी करून ठेवायची आणि फिरायचं कारने. दोघे चालक असतील तर हा खर्च पूर्ण वसूल होतो. शिवाय दुधाची पिशवी आणायला अख्खं घर आवरून निघावं लागत नाही.

चढापेक्षा उतार अवघड असतो. उतारावर ब्रेकवर पाय दाबून ठेवला तर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटत जाते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरतं. वेग वाढला की ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबा आणि सोडून द्या. जळल्यासारखा वास आला तर पुढच्या मोकळ्या जागेत थांबून ब्रेक निवू द्या. मागे गाड्यांची रांग लागली असेल तर बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या. त्यांच्या दबावाखाली वेग वाढवू नका.

मुक्कामी उजेडातच पोचा. गाडी मागे घेताना एका माणसाने खाली उतरून मागच्या कोपऱ्याशी उभं राहावं. चालकाला तो आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की गाडी तिथल्या तिथे थांबवायची. ‘थांबा’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ यांच्या हाताच्या खुणा आधीच ठरवा. खाली बघण्याइतकंच वरही बघा, फांद्या छताला घासतात. गाडी उभी राहिली की ती सपाट आहे का ते बघा आणि लागेल तिथे चाकाखाली फळ्या घाला. गॅसवरही चालणारे आरव्हीतले जुन्या धर्तीचे फ्रिज तिरप्या गाडीत नीट काम करत नाहीत. मग चाकांना अडण लावा.

वीज जोडताना खांबावरचा खटका आधी बंद करा, प्लग लावा आणि मग खटका चालू करा. छोट्या मोटरहोमची जोडणी बहुधा ३० अँपिअरची असते. १२० व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे सगळं मिळून ३,६०० वॅट. एसीला साधारण १,५०० वॅट लागतात, इंडक्शनच्या शेगडीला १,८०० वॅटपर्यंत आणि मायक्रोवेव्हला १,२०० च्या आसपास. म्हणजे एसी चालू ठेवून इंडक्शनवर भात लावला आणि कोणी मायक्रोवेव्ह सुरू केला, की सगळं बंद पडणार. गाडी बिघडलेली नसते. एक उपकरण बंद करून खटका पुन्हा वर केला की झालं. स्वयंपाकाच्या वेळी एसी बंद, एवढा एक नियम घरात पाळला तरी पुरतं.

पाण्याचा हिशेब मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण कस्टरमधल्या बऱ्याच जागांवर वीज मिळते, पण पाण्याची आणि सांडपाण्याची जोडणी मिळत नाही. गाडीत तीन टाक्या असतात : पिण्या-वापरायच्या पाण्याची, सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची आणि संडासाची. स्वच्छ पाण्याची टाकी ४० गॅलनची धरली तर त्या पाण्याचंच वजन सुमारे ३३० पौंड होतं. त्यामुळे घरून टाकी तुडुंब भरून घाट चढू नका. वाटेपुरतं पाणी घ्या आणि पार्कमध्ये शिरताना चौकीवर विचारून तिथे भरा. एकजण दहा मिनिटं शॉवरखाली उभा राहिला तर सांडपाण्याची टाकी भरत येते. अंग ओलं करा, पाणी बंद करून साबण लावा, मग धुवा. किंवा कॅम्पग्राउंडवरची स्नानगृहं वापरा.

खरकटं सिंकमध्ये जाऊ देऊ नका. भाताची शितं, डाळीचा गाळ, तेलाचे ओघळ टाकीत साचले की त्याचा वास दोन दिवसांत गाडीभर पसरतो. ताटं आधी कागदाने पुसून घ्या.

सांडपाणी रिकामं करायची पार्कची जागा गेम लॉज कॅम्पग्राउंडजवळ आहे. तिला डंप स्टेशन म्हणतात. हातमोजे घाला. पाइप आधी दोन्हीकडून घट्ट बसवा. पहिल्यांदा संडासाची टाकी सोडा, ती पूर्ण रिकामी झाली की सिंक-शॉवरची. त्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह मुक्कामात कधीही उघडा ठेवू नका, नाहीतर पाणी निघून जातं आणि मैला घट्ट होऊन बसतो. संडासात भरपूर पाणी आणि आरव्हीसाठीचाच कागद वापरा. आणि पाइप धुवायच्या नळाचं पाणी पिण्याच्या टाकीत कधीही भरू नका. पिण्याचा नळ वेगळा असतो, तशी पाटी असते.

स्वयंपाकासाठी कुकर न्याच. सिल्व्हन लेकचा परिसर सहा हजार फुटांच्या वर आहे. तिथे पाणी ९४ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. फोडणी बाहेरच्या टेबलावर छोट्या शेगडीवर द्या. आत दिली तर मोहरी तडतडायच्या आत धुराचा भोंगा वाजतो.

रात्री थंडी पडते. ऊब हवी म्हणून गॅसची शेगडी पेटती ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. गाडीतला हीटर वापरा आणि या वायूचा गजर चालतोय ना, ते पहिल्याच दिवशी बटण दाबून तपासा. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळ आणि गारा अचानक येतात. फिरायला जाताना दारावरचं कापडी छप्पर गुंडाळूनच जा.

बायसन रस्त्यावर आले तर गाडीतच बसून राहा. ते संथ दिसतात, पण सुमारे ९०० किलोंचं ते जनावर ताशी ३५ मैलांनी धावू शकतं. फोटोसाठी खाली उतरू नका आणि मुलांनाही उतरू देऊ नका. चालत असाल तर निदान १०० यार्ड अंतर ठेवा.

निघताना एकाने आत आणि एकाने बाहेर फिरून सगळं बघा : कपाटांच्या आणि फ्रिजच्या कड्या, पायरी, अँटेना, विजेची तार. गाडी परत देताना टाक्या रिकाम्या आणि गॅस-पेट्रोल करारात लिहिल्याइतकं लागतं. नाहीतर वेगळे पैसे कापले जातात. रविवारी दुपारी डंप स्टेशनवर लांब रांग लागते, म्हणून त्या दिवशी नाश्त्याआधीच टाक्या रिकाम्या करून या.