धुराला भाजी कोणती द्यावी?

बार्बेक्यूच्या स्पर्धेत मांस कोणतं, हे आयोजकच ठरवून देतात. भाजी मात्र आपली आपण निवडायची असते आणि तिथेच भल्याभल्यांचं घोडं अडतं. रात्रभर जागून ब्रिस्केट सांभाळणारी माणसं भाजीची वेळ आली की हालापिनो मिरचीत चीज कोंबतात, वर बेकन गुंडाळतात आणि मोकळी होतात. खाणाऱ्यांना ते आवडतंही. पण अशा वेळी गुण बेकनला मिळतात. भाजीच्या स्पर्धेत भाजीच जिंकली पाहिजे, असा माझा हट्ट आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकते. मेम्फिसची ‘मेम्फिस इन मे’ स्पर्धा १९७८ची, कॅन्सस सिटीची ‘अमेरिकन रॉयल’ १९८०ची. पुढे कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीने नियम बांधून दिले, त्यांत मुख्य प्रकार चारच: चिकन, रिब्ज, पोर्क आणि ब्रिस्केट. भाजीची सोय साइड डिशच्या वेगळ्या गटात. झालं, इतिहास संपला.

गुणांचा हिशेब मात्र नीट समजून घ्यायला हवा. सोसायटीच्या पद्धतीत एका टेबलाला सहा परीक्षक असतात आणि समोरचा डबा कुणाचा, हे त्यांना ठाऊक नसतं. दिसणं, चव आणि मऊपणा यांना २ ते ९ गुण. त्यात चवीचं वजन सुमारे ५७ टक्के, मऊपणाचं २९ आणि दिसण्याचं जेमतेम १४. साइड डिशचे नियम ठिकठिकाणी बदलतात, पण परीक्षकांच्या जिभा याच मोजमापाला सरावलेल्या. म्हणजे कोथिंबिरीची नक्षी काढत बसण्यापेक्षा पहिल्या घासाची काळजी वाहिलेली बरी.

माझा भाचा कॅन्सस सिटीजवळ ओव्हरलँड पार्कला राहतो. त्याच्या ऑफिसातल्या मित्रमंडळींना तिथल्या एका छोट्या स्पर्धेत उतरायचं होतं. “मावशी, मांसाचं ते बघतील. भाजी माझ्या गळ्यात पडलीय,” तो म्हणाला. मी त्याच वेळी त्याच्याकडे मुक्कामाला होते. मला एवढं निमित्त पुरे होतं.

आधी त्याला एक गोष्ट समजावली. मांसाचा कायदा भाजीला लागू होत नाही. ब्रिस्केट २२५ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १०७ सेल्सिअसला, तासन्‌तास ठेवतात, कारण त्यातल्या चिवट कोलॅजेनचं हळूहळू जिलेटिन व्हावं लागतं. भाजीत कोलॅजेन नसतंच. तिच्या पेशी पेक्टिनने सांधलेल्या असतात आणि ते सैल पडायला चांगली धग लागते. मंद आचेवर भाजी मऊ व्हायच्या आधी सुकते आणि चामट होते. तेव्हा भाजीला धग मोठी आणि वेळ थोडा.

मग उमेदवार तपासले. मक्याचं कणीस निखाऱ्यावर देखणं होतं, पण दाणे परीक्षकाच्या दातांत अडकतात आणि गार झालं की त्याची मजा जाते. शतावरीचे कोवळे कोंब डबा टेबलावर पोहोचेपर्यंत सुरकुततात. मश्रूम गुणी, त्याच्या पेशींत कायटिन असल्यामुळे कितीही शिजवा, गाळ होत नाही. शिवाय अंगची चव मांसाच्या जवळ जाणारी. पण स्पर्धेत तो फार जणांना सुचतो. कोबी धुरात छान गोड होतो, मात्र आतपर्यंत शिजायला वेळ खातो. बटाट्याला बहुधा वेगळा गट असतो.

उरलं वांगं. इथे माझा पक्षपात उघड आहे, माहेर जळगावचं! आमच्याकडच्या भरिताच्या हिरव्या, मोठ्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. हिवाळ्यात शेतावर कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजतात, लाकडी भांड्यात ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून कळण्याच्या भाकरीशी खातात. ते ज्याने खाल्लं, त्याला वांग्याचा मोठेपणा पटवावा लागत नाही.

पण प्रेम बाजूला ठेवलं तरी वांगं उजवं ठरतं. त्याचा गर सच्छिद्र, हवेने भरलेला. धग लागली की हवा निघून जाते, पेशी बसतात आणि गर लोण्यासारखा होतो; मऊपणाचे २९ टक्के तिथेच वसूल. वरची साल करपताना धुराचा वास आत मुरतो आणि आतला गर मात्र करपत नाही. खालच्या कोळशात हिकरीच्या लाकडाचा तुकडा टाकला की चवीची बाजू आणखी भक्कम होते.

तिथल्या दुकानात काळी-जांभळी, पोटाळ वांगी मिळतात. तळहातावर तोलून, आकाराच्या मानाने हलकं, तुकतुकीत, हिरव्या देठाचं घ्यायचं. जड वांग्यात बिया जास्त असण्याची भीती. सुरीने तीन-चार ठिकाणी टोचायचं, नाहीतर फुटून निखाऱ्यावर सांडतं. भोकांत लसणाच्या पाकळ्या खोचायच्या. देठ धरून फिरवत राहिलं की आधी सालीची चमक जाते, मग ती सुरकुतते, मग तिचे राखाडी पापुद्रे सुटतात आणि टोचलेल्या जागी पाणी चुर्र करतं. देठाजवळचा भाग सगळ्यांत उशिरा शिजतो. चिमट्याने तिथे दाबून बघायचं आणि मगच उतरवायचं. झाकून ठेवून साल काढली की गर चाळणीत निथळू द्यायचा, म्हणजे डब्यात पाणी सुटत नाही.

थोडं विषयांतर करते. ‘अमेरिकन रॉयल’ भरते शरद ऋतूत, म्हणजे ऐन आपल्या चातुर्मासाच्या सुमारास. कांदा-लसूण-वांगं वर्ज्य असण्याचे ते दिवस! आमची आजी चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वांग्याला हात लावत नसे. भाच्याने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, “कॅन्सस नदी ओलांडली की चातुर्मास लागत नाही.” शास्त्राधार विचारू नये.

आता अडचण एकच: सोसायटीच्या परीक्षकांना हाताने खायची सवय आणि भरीत हे बोटाने चाटायचं प्रकरण. त्यावर मी कांदा सुचवला. आख्खा कांदा सालीसकट निखाऱ्यात भाजायचा, उभा कापायचा, पाकळ्या सुट्या करायच्या आणि प्रत्येक पाकळीत चमचाभर भरीत भरायचं. सहा परीक्षकांना सहा वाट्या, आणि वाटीही खायची. त्या भागातला सॉस टोमॅटो आणि काकवीचा, गोडसर. तेव्हा मिरची बेताची, तीही भाजलेली. शेंगदाणे गाळायचे, कारण अनेकांना त्यांची ॲलर्जी असते. वर लिंबाचे चार थेंब. भरीत कोमट खाल्लं तरी चवीला उणं पडत नाही, आणि डबा परीक्षकापर्यंत पोहोचतो तो कोमटच.

तुमच्या सोसायटीत गच्चीवर शेगडी पेटणार असेल, कुणी स्पर्धा लावणार असेल, तर पनीर-सिमला मिरचीच्या काड्या यंदा राहू द्या. त्या सगळेच करतात. बाजारात जा, हलकं वांगं निवडा आणि चीज-बेकनच्या नादी न लागता त्याला थेट निखाऱ्यावर ठेवा.