सुईवाली बाई येईल हं!

‘गप बस, नाहीतं सुईवाली बाई येईन!’ आमच्या बेला मंडळात हे वाक्य दिवसातून किती घरांत म्हटलं जात असेल, देव जाणे. जेवत नाही, सुईवाली. झोपत नाही, पोलीस. हट्ट करतं, टीचरची छडी. मी अंगणवाडीची टीचर, आणि छडी माझ्याकडे कधीच नव्हती. तरी तीन वर्षांचं लेकरू पहिल्या दिवशी येतं ते नर्सला, पोलिसाला आणि मला भिऊनच. मग आम्ही त्याला आरोग्य शिकवायचं, चांगलं वागणं शिकवायचं आणि उद्याचा नागरिक घडवायचा!

पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आमचा आदिलाबाद जिल्हा. माझ्या सतरंजीवर कोणी पाणी मागतं, कोणी येर, कोणी नीळ्ळू. घरी मराठी, शेजारी गोंडी, सरकारी कागद तेलुगूत. सवयींचा रंगीत तक्ता भिंतीवर आहे आणि मुलं तो घडाघडा म्हणतातही. ‘जेवणाआधी हात धुवा’ म्हणत म्हणतच मातीच्या हातानं अंडं उचलतात. तक्त्यावर माझा भरवसा नाही. आया मगानं पाणी ओतते, मी साबण धरते, बोटांच्या बेचक्या चोळून होईपर्यंत एक गाणं म्हणून होतं. १० फेब्रुवारीला जंताची गोळी देतो, दोन वर्षांपुढच्यांना अख्खी, एक ते दोन वर्षांच्यांना अर्धी. पण नखातली माती निघाली नाही तर जंत पुन्हा होणारच.

हात धुण्यापासून सुरुवात करणं मला आपसूक सुचलेलं नाही. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी काढली. वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिथं शिक्षण सुरू व्हायचं ते मुलांना स्वच्छ करण्यापासून.

आमच्या भागात सरकारी माणसाची भीती नुसती घरातली नाही, तिला इतिहास आहे. जंगल खात्याच्या आणि जमिनी बळकावणाऱ्यांच्या जाचाविरुद्ध गोंड पुढारी कुमरम भीम उठला आणि १९४०मध्ये जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारनं ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवलं. तो आणि त्याची बायको बेटी मारलवाई गावात राहिले. १९४३मध्ये तिथं गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र सुरू झालं. पुस्तकं गोंडी भाषेत, देवनागरी अक्षरांत. थोडंफार मराठी लिहिता-वाचता येणारे मोजके गोंड तरुण हाताशी होते, त्यांच्यावर काम उभं राहिलं. मारलवाई तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं, २०१६ला आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. नवरा-बायकोची समाधी तिथंच आहे. मला यातली एकच गोष्ट मोठी वाटते : शिकवायला आलेला माणूस पोरांना आपल्यातला वाटला.

म्हणून लसीच्या आदल्या दिवशी आम्ही ‘दवाखाना’ खेळतो. चिंध्यांची बाहुली, काडीची सुई आणि कापूस (आदिलाबादेत कापसाला काय तोटा!). एक पोरगी नर्स, एक बाहुलीचा बाप, बाकीचे रांगेत. रांग हा आमचा नागरिकशास्त्राचा तास. सरपंचाच्या घरचं लेकरूही मागेच उभं राहतं. परवा बाहुली ‘रडली’ तर बाप झालेला पोरगा तिच्यावर खेकसला, ‘आला पाय पोलीस!’ घरचं सगळं खेळात उतरतं.

दुसऱ्या दिवशी एएनएम ताई, म्हणजे आमची नर्स, लसींचा निळा डबा घेऊन येतात. आधी डबा उघडून दाखवायचा, असं आमचं ठरलेलं. मुलं बर्फाच्या थंड पिशव्यांना हात लावतात. पाच वर्षांच्यांना त्रिगुणी लसीचा बूस्टर, दंडात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्यासाठी.

‘दुखन का टीचर?’

‘हो, थोडं दुखेल. रडलास तरी चालेल, हात मात्र हलवू नको.’

‘काही दुखत नाही’ असं मी कधी सांगत नाही. सुई टोचताच ते खोटं उघडं पडतं, आणि मग पुढं मी हात धुवायला सांगितलं तरी कोण ऐकेल? रात्री ताप येऊ शकतो, हेही आईला आधीच सांगून ठेवते.

एकदा रस्त्यानं जाणारा कॉन्स्टेबल पाणी प्यायला थांबला, तर दोघं थेट टेबलाखाली. त्याला सतरंजीवर बसवलं. त्यानं शिट्टी दाखवली आणि पोरं बाहेर आली. ती वाजवायला कोणाला मिळणार यावरून मग जे भांडण जुंपलं, ते मिटवायला पुन्हा रांगच लागली.

अलीकडे मी मोठ्या मुलांना पंचायतीत नेते. टाकीत ब्लीचिंग पावडर कोण टाकतं, खांबावरचा दिवा कोण बदलतं, ते विचारायला. एकीनं सरपंचांना तोंडावर सांगितलं, ‘आमच्या गल्लीतला नळ गळते, तिथं डास झाले.’ सरपंच हसले. नळ दुरुस्त व्हायला पुढं बरेच दिवस लागले. ती मात्र दिसतील तिथं त्यांना आठवण करून द्यायची.

तिच्या आजीला हे बिनधाकाचं शिकवणं बिलकुल पटलेलं नाही. ‘धाक नसला तं पोट्टी आयकन कशी?’ असं ती मला दर वेळी विचारते. मी म्हणते, ऐकणार नाही कधीकधी. तेव्हा कारण सांगा, दोनदा सांगा. ‘दोनदा सांगाले मले टाइम कुठी हाय?’ ती म्हणते. कापूस वेचणीच्या दिवसांत तिचं म्हणणं अगदीच खोटंही नसतं.