सर्व्हर कोणत्या कर्नलवर उभा करावा?

१९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. त्याच वर्षी २५ ऑगस्टला हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचं जाहीर केलं; तीच नंतर लिनक्स झाली. तेव्हा या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पुढे मात्र या दोन वाटा एकत्र आल्या. १९९८ च्या ‘परम १००००’वर सन कंपनीचं सोलॅरिस होतं, २००३ च्या ‘परम पद्म’वर आयबीएमचं एआयएक्स, आणि २००८ च्या ‘परम युवा’वर लिनक्स. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यातच टाटांच्या ‘एका’ या महासंगणकाने जगात चौथा क्रमांक पटकावला, तोही लिनक्सवर. नोव्हेंबर २०१७ पासून तर जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी एकूण एक लिनक्सवर चालतात.

पुण्याच्या या वाटचालीत एक मोठं शहाणपण आहे. सोलॅरिस मुख्यतः सनच्या यंत्रांशी बांधलेलं, एआयएक्स आयबीएमच्या. प्रोसेसर बदलला की ऑपरेटिंग सिस्टीमही बदलायची. लिनक्सने ही गाठ सोडवली: कोड हाताशी, आणि यंत्र कोणत्याही कंपनीचं. त्यामुळे आज छत्रपती संभाजीनगरात कुणी नवा सर्व्हर उभा करतो, तेव्हा लिनक्स घ्यावं का, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी संपलेला असतो. फ्रीबीएसडीसारखे उत्तम पर्याय आहेत. नेटफ्लिक्स आपले व्हिडिओ त्यावरूनच पोहोचवतं. पण त्यावर हात बसलेली माणसं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. खरा प्रश्न पुढचा आहे: लिनक्सचा कोणता कर्नल?

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, मेमरी कशी वाटायची, डिस्क आणि नेटवर्क कार्डाशी कसं बोलायचं, हे सगळं तो ठरवतो. वरचा एखादा प्रोग्राम कोसळला तर तो पुन्हा सुरू करता येतो. कर्नल कोसळला तर अख्खं यंत्र थांबतं.

मूळ लिनक्सची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. त्यांतली वर्षाकाठी साधारण एक आवृत्ती दीर्घकाळ सांभाळली जाते. डिसेंबर २०२२ ची ६.१, ऑक्टोबर २०२३ ची ६.६ आणि नोव्हेंबर २०२४ ची ६.१२ या अशा आवृत्त्या. याशिवाय प्रत्येक वितरण, म्हणजे डेबियन किंवा उबंटूसारखी कर्नलसह तयार मिळणारी प्रणाली, आपला कर्नल निवडतं आणि तो स्वतः सांभाळतं. डेबियन १२ ने ६.१ घेतला, डेबियन १३ ने ६.१२. रेड हॅट ८ चा कर्नल ४.१८ आहे, ९ चा ५.१४. उबंटू २४.०४ च्या सर्व्हरवर मुळात ६.८ येतो; नव्या हार्डवेअरसाठीचा पुढचा कर्नल हवा असेल तर तो मागून घ्यावा लागतो. ओरॅकल लिनक्स तर दोन कर्नल देतं: एक रेड हॅटशी जुळणारा, दुसरा २०१० पासूनचा स्वतःचा.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. रेड हॅटचा ४.१८ हा आकडा २०१८ चा असला तरी आतला कोड २०१८ चा राहिलेला नाही. नंतर सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटींची दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवली जाते. म्हणून निव्वळ आकडा पाहून ‘तुमचा कर्नल जुना आहे’ असा शेरा मारणारा तपासणी अहवाल डोळे झाकून मानू नये. दुरुस्त्या कुठल्या तारखेपर्यंतच्या आहेत ते पाहावं.

पण जुनं ते सोनं, हेही इथे खरं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाची त्रुटी उघड झाली. साध्या वापरकर्त्याला रूटचे अधिकार मिळवून देणारी ही चूक २००७ पासून कर्नलमध्ये होती. ज्यांनी दुरुस्ती घेतली ते सुटले. जे ‘चालतंय ना, मग हात कशाला लावा’ म्हणाले, त्यांचे सर्व्हर उघडे राहिले. हा पहिला धडा.

दुसरा धडा सेंटओएस या वितरणाचा. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अद्ययावत ठेवलं जाईल, या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ते २०२१ अखेर बंद होणार. २०२१ मध्येच त्याच्या जागी घेता येणारे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आले आणि अनेकांची सोय झाली. सेंटओएस ७ ची मुदतही ३० जून २०२४ ला संपली. तिसरा धडा विंडोजचा: १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख यंत्रं बंद पडली, कारण त्या कंपनीचा प्रोग्राम कर्नलच्या पातळीवर चालत होता. लिनक्सवरही बाहेरचं मॉड्यूल कर्नलमध्ये घालताना हे विसरू नये.

आता आपल्या गावाकडे येऊ. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या मध्यम कारखान्याचा ईआरपी, रुग्णालयाच्या नोंदी, पतसंस्थेचे हिशेब, महाविद्यालयाचे निकाल, अशा ठिकाणी सर्व्हर सांभाळणारी माणसं फार तर एक-दोन असतात. तीच प्रिंटर पाहतात, तीच नेटवर्कची तार ओढतात. त्यांनी स्वतः कर्नल कंपाइल करून वापरणं म्हणजे विकतचं दुखणं: प्रत्येक नव्या त्रुटीची दुरुस्ती त्यांच्याच गळ्यात पडते. माझं मत स्पष्ट आहे. अशा ठिकाणी वितरणाने दिलेला दीर्घ मुदतीचा कर्नलच नेहमीचा असावा. त्याला अपवाद कारण लिहून करावा: नवं नेटवर्क कार्ड जुन्या कर्नलला ओळखता येत नाही, डेटाबेस कंपनीने विशिष्ट कर्नलच प्रमाणित केला आहे, किंवा मशीनच्या नियंत्रणासाठी मोजक्या क्षणांत हमखास उत्तर हवं आहे. या शेवटच्या गरजेसाठीचा रिअल-टाइम कोड ६.१२ पासून मूळ लिनक्सचाच भाग झाला आहे. उलट दिशेचीही काळजी घ्यावी. रेड हॅट ८ ने काही जुन्या स्टोरेज कार्डांचा आधार काढून टाकला. जुन्या सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवण्याआधी ती यादी पाहिलीच पाहिजे.

निवडीइतकीच पुढची शिस्त महत्त्वाची. नवा कर्नल आधी चाचणीच्या यंत्रावर काही दिवस चालवावा. बूट मेन्यूत आधीचा कर्नल कायम ठेवावा, म्हणजे बिघाड झाल्यास परत फिरता येतं. दुरुस्ती बसवली पण रीबूटच केलं नाही, तर जुनाच कर्नल चालत राहतो. म्हणून रीबूटची वेळ व्यवस्थापनाकडून आधीच मंजूर करून घ्यावी. लाइव्ह पॅचिंगने, म्हणजे यंत्र चालू असतानाच दुरुस्ती बसवून, रीबूट पुढे ढकलता येतं, कायमचं टाळता येत नाही.

आपल्या शहरात १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठाच्या आवारात नायलिट ही संगणक-शिक्षणाची संस्था आहे. तिथली मुलं शेड्युलर आणि पेजिंग परीक्षेपुरतं उत्तम लिहितात. त्यांना एका चालत्या सर्व्हरचा कर्नल बदलायला, बिघडवायला आणि मागे आणायला शिकवलं पाहिजे. आणि प्रत्येक संस्थेकडे एक पानाची नोंद हवी: कोणता कर्नल, का, त्याची मुदत केव्हा संपते, दुरुस्ती कोण बसवतं. सांभाळणारा माणूस उद्या नोकरी बदलेल. ते पान असेल तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळेल की आपण कुणाच्या भरवशावर काम करतो आहोत. ज्या कर्नलबद्दल ही चार उत्तरं देता येत नाहीत, तो कितीही वेगवान असला तरी सर्व्हरवर घालू नये.