इंजिनाच्या ठोक्याची कैफियत

धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, माकणी, लोहारा या टापूत, जिथे घरटी नसला तरी वस्तीगणिक एखादा जुना ट्रॅक्टर अथवा वीस-पंचवीस वर्षे राबलेली जीप अद्याप चाकरीवर रुजू आहे, तेथे वाहनमालकाच्या तोंडून वारंवार येणारी तक्रार ‘इंजिन ठोकतंय’ ही होय. आणि एवढ्या दोन शब्दांच्या फिर्यादीवर विसंबून इंजिन खोलण्याचा हुकूम सुटावा, ही मूळ दोषाहून मोठी आपत्ती. ठोका एकच ऐकू येत असला तरी त्याच्यामागे निदान अर्धा डझन कारणे संभवतात. त्यांतील काहींचा इलाज अर्ध्या तासात आणि फिलर गेजच्या एका पातीने होतो, तर काहींपायी क्रँक लेथवर चढवावा लागतो. तेव्हा पाना हाती घेण्यापूर्वी ठोक्याची जबानी नीट घ्यावी.

पहिला प्रश्न असा की, ठोका केव्हा वाजतो? सकाळी थंड इंजिन सुरू करताच खडखड व्हावी आणि पाच-दहा मिनिटांत ती आपोआप मावळावी, तर संशय झिजलेल्या पिस्टनावर घ्यावा. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे थंडपणी लायनरमध्ये सैल हिंदकळणारा पिस्टन तापल्यावर आपली जागा भरून काढतो. याच्या नेमके उलट बेअरिंगचे. बेअरिंग आणि क्रँक यांच्या दरम्यान तेलाच्या पापुद्र्यासाठी ठेवलेली जागा साधारणतः मिलिमीटरच्या शंभरांश पाच-सहा भागांची. ती झिजेने वाढली, वर तापलेले तेल पातळ झाले, म्हणजे पापुद्रा फाटतो आणि धातूवर धातू आदळू लागतो. म्हणून बेअरिंगचा ठोका गाडी तापल्यावर बळावतो, आणि रेस स्थिर धरून पाय किंचित उचलताच कनेक्टिंग रॉडचा आवाज बहुधा अधिक उघडा पडतो. टॅपेटची टिकटिक हलकी आणि संथ असते, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो: मिनिटाला 600 फेऱ्यांच्या संथ चालीवर क्रँक सेकंदाला दहा वेळा फिरतो, पण एखादा व्हॉल्व्ह पाचच वेळा उघडतो. सवयीच्या कानाला हा फरक घड्याळावाचून कळतो.

दुसरा प्रश्न स्थानाचा. लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या अंगाला आणि मूठ कानाला टेकवून ऐकण्याची मिस्त्रींची रीत पाहून नवशिके हसतात. वस्तुतः तीत शुद्ध पदार्थविज्ञान आहे. धातूतील कंप हवेच्या सीमेवर आला की त्याचा बहुतांश भाग मागे परततो आणि हवेच्या वाट्याला फार थोडा अंश येतो. पोलादाचा गज ही सीमा टाळून तो कंप थेट कानाशी आणतो. परंतु इंजिन हा एकसंध धातूचा ठोकळा असल्यामुळे एका सिलिंडरचा ठोका शेजारच्या सिलिंडरवरही ऐकू येतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे ज्या भूकंपाने सास्तूर उद्ध्वस्त केले, त्याचा उगम शास्त्रज्ञांनी जसा अनेक केंद्रांवरच्या नोंदी ताडून निश्चित केला, तसेच येथेही चार-सहा जागी गज टेकवून, आवाज कोठे सर्वाधिक तीव्र आहे याची खातरजमा केल्याविना निकाल देऊ नये. मात्र तसे करताना पंखा आणि पट्टा यांच्यापासून बाही व उपरणे दूर असावे, हे सांगावयास नकोच.

संशयित सिलिंडर ठरला की त्याचा दाणापाणी तोडून पाहावा. पेट्रोल इंजिनात त्या प्लगचा करंट बंद करावा. जुन्या पंपाच्या डिझेल इंजिनात त्या नोझलच्या नळीची चाकी किंचित सैल करावी. ज्वलनाचा दाब नाहीसा होताच ठोका मावळला, तर दोष त्याच सिलिंडरच्या रॉडच्या बेअरिंगात किंवा ज्वलनात आहे. तो जसाच्या तसा राहिला, तर अन्यत्र शोध घ्यावा. आजच्या कॉमन रेल इंजिनावर मात्र हा प्रयोग जिवावरचा होय, कारण त्या नळीतील डिझेल हजार बारहून अधिक दाबाखाली असू शकते आणि त्याची धार कातडी भेदून आत शिरते.

ज्वलनाचा ठोका ही निराळीच जात. डिझेलमध्ये इंधन फवारल्यावर पेट घेण्यास जो क्षणभराचा विलंब लागतो, त्यात साचलेले इंधन एकदम पेटते; नोझल गळत असेल अथवा पंपाचे टायमिंग पुढे सरकले असेल, तर हा तडाखा वाढतो. पेट्रोलमध्ये ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण दाबाने व उष्णतेने स्वतःहून भडकते, आणि चढावर, वरच्या गिअरमध्ये, टिणटिण असा आवाज उमटतो. जुन्या इंजिनात साचलेला कार्बन याला हातभार लावतो. याच ठोक्यावर उतारा शोधताना अमेरिकेत टॉमस मिजली याला डिसेंबर 1921 मध्ये शिशाचे संयुग सापडले. वस्तुतः मद्यार्कही ठोका शमवतो हे त्याला ठाऊक होते, परंतु शिसे स्वस्त पडले, आणि ते विष भारतातील पेट्रोलमधून जाण्यास सन 2000 उजाडले. आता 20 टक्के इथेनॉलच्या रूपाने तोच मद्यार्क परतला आहे, आणि त्यातील काही भाग उसाचा आहे. टिणटिण त्याने कमी होईल, हे खरे. तथापि जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होते आणि रबरी नळ्या व सील खराब होण्याचा संभव असतो, तेव्हा त्या तपासून घ्याव्यात.

राहता राहिला तो जड, खोल, घणाघाती ठोका. तो गाडी तापल्यावर वाढत असेल आणि सोबत तेलाच्या दाबाचा काटा खाली येत असेल, तर उमरग्यापर्यंत कशीबशी नेऊ असा विचार मनात आणू नये. इंजिन तेथेच बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी. ओढण्याचा खर्च बेअरिंगइतकाही येत नाही, आणि तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तर इंजिन भंगारातच जाते.