फ्लॅश चालू, रिंग गायब: मॅक्रो फ्लॅशचे माउंटिंग पार्ट कसे शोधायचे?

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढलीय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. चौकटी कंसातली वेळ थेट त्या मुद्द्यावर जाण्यासाठी.)

[००:००] प्रश्न काय आहे?

आजचा भाग एका मेसेजवरून सुचलाय. आटपाडीहून एका श्रोत्यानं विचारलंय. त्याचा स्टुडिओ आहे, लग्नाचे फोटो काढतो, आणि सीझन नसताना डाळिंबाच्या बागांचे क्लोज-अप काढून शेती सल्लागारांना पाठवतो. त्याच्याकडे निकॉनचा आर१सी१ हा मॅक्रो फ्लॅशचा सेट आहे, सेकंड हँड घेतलेला. फ्लॅश उत्तम चालतात. पण १०५ मिमीच्या लेन्सवर तो सेट बसवायची छोटी रिंग बागेत कुठंतरी पडली. आता हजारोंचा सेट कपाटात पडून आहे. त्याचा प्रश्न, "दादा, ही एक रिंग कुठं मिळंल?"

कुठं मिळेल ते सांगतोच. पण त्याआधी एक सांगतो, त्याला ती रिंग कदाचित विकत घ्यायचीच गरज नाही. का, ते समजून घेऊ. हे तुमच्याकडं दुसऱ्या कंपनीचा फ्लॅश असला तरी उपयोगी पडेल.

[०१:२०] एवढी खटपट कशासाठी?

आटपाडी म्हणजे माणदेश. पाऊस कमी, आणि डाळिंब हे तिथलं पैशाचं पीक. डाळिंबावर तेल्या आला की शेतकऱ्याची झोप उडते. हा जिवाणूमुळं होणारा रोग. सुरुवातीला पानावर बारीक, पाणी भरल्यासारखे तेलकट ठिपके दिसतात. पुढं फळावर काळपट डाग पडतात आणि डाग चिरून इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारख्या भेगा पडतात. फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स, तर जेमतेम एक मिलिमीटरचे. सल्लागार लांब कुठंतरी बसलेला. त्याला फोटो व्हॉट्सॲपवर जाणार. तो फोटो धूसर असला की अंदाजानं औषध सांगितलं जातं, आणि अंदाजाची फवारणी महाग पडते.

आता जवळून फोटो काढताना अडचण काय येते? लेन्सच्या टोकापासून पान वीतभरही लांब नसतं. सगळा ठिपका स्पष्ट यायला ॲपर्चर एफ ११, एफ १६ असं बारीक करावं लागतं, मग उजेड कमी पडतो. कॅमेऱ्यावरचा नेहमीचा फ्लॅश मारला तर लेन्सचीच सावली पानावर पडते. म्हणून मॅक्रो फ्लॅश लेन्सच्या तोंडाशी बसवतात. आणि तिथं बसवायचं म्हणजे मध्ये एक जोडणारी रिंग लागते. आपली हरवली ती हीच.

[०३:०५] रिंगेला दोन बाजू असतात

आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: लेन्सकडची बाजू सगळ्या जगाची सारखी असते, फ्लॅशकडची बाजू कंपनीची स्वतःची असते.

लेन्सकडच्या बाजूला आटे असतात. आपण यूव्ही फिल्टर लावतो तेच आटे. त्यांचे माप ठरलेले आहेत: ४९, ५२, ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७ मिमी. नेहमीच्या या मापांत दोन आट्यांमधलं अंतर बहुतेक ०.७५ मिमी असतं. त्यामुळं कुठल्याही कंपनीचा ६२ चा फिल्टर कुठल्याही ६२ च्या लेन्सवर बसतो. तुमच्या लेन्सचं माप बघायचं असेल तर पुढच्या टोपणाच्या आतल्या बाजूला बघा, किंवा लेन्सच्या तोंडाजवळ गोल आणि त्यावर तिरकी रेघ असं चिन्ह शोधा. त्याच्या शेजारचा आकडा ते माप. लेन्सवर १०५ लिहिलंय म्हणून १०५ ची रिंग मागू नका हां! ती फोकल लेंग्थ आहे.

फ्लॅशकडची बाजू मात्र वेगळी. तिथं एक काठ किंवा खाच असते आणि फ्लॅशच्या बटणांमागचे स्प्रिंगवाले दात त्यात अडकतात. निकॉनची खाच कॅननला चालत नाही. खरी शोधाशोध या बाजूची असते.

[०४:५०] आटपाडीच्या मित्राचं उत्तर

आर१सी१ हा २००५ साली आलेला सेट. त्यात एसएक्स-१ नावाची मोठी रिंग असते, तिच्यावर दोन छोटे फ्लॅश सरकवून बसवतात. ही मोठी रिंग थेट लेन्सवर बसत नाही. मध्ये एसवाय-१ नावाची छोटी रिंग लागते. अशा पाच रिंगा सेटसोबत येतात: ५२, ६२, ६७, ७२ आणि ७७ मिमी. आपल्या मित्राची ६२ ची हरवली. बाकीच्या डब्यात आहेत का? त्यानं बघितलं, आहेत.

मग झालं की! पाचही रिंगांची फ्लॅशकडची बाजू एकच, कारण त्या सगळ्या त्याच एसएक्स-१ मध्ये बसतात. फरक फक्त आट्यांच्या मापाचा. म्हणून लेन्सवर ६२-६७ ची स्टेप-अप रिंग लावायची, तिच्यावर एसवाय-१ ची ६७ ची रिंग, आणि तिच्यावर फ्लॅश. स्टेप-अप रिंग दोन-चारशे रुपयांत मिळते. फ्लॅश काही मिलिमीटर पुढं जातो, एवढाच फरक.

स्टेप-अप रिंगेवर दोन आकडे असतात. ६२-६७ मध्ये पहिला आकडा लेन्सचा, दुसरा पुढं लावायच्या वस्तूचा. ६७-६२ मागवलीत तर ती स्टेप-डाउन, उलटी येईल. ऑर्डर करताना हमखास गोंधळ होतो तो इथंच.

हीच युक्ती आणखी एका ठिकाणी लागते. टॅमरॉनच्या ९० मिमी मॅक्रोच्या जुन्या मॉडेलचं माप ५५ मिमी आहे, आणि एसवाय-१ मध्ये ५५ ची रिंगच नाही. तिथं ५५-६२ ची स्टेप-अप लावायची.

[०६:४०] कॅननवाल्यांसाठी

कॅननच्या रिंग लाइट आणि ट्विन लाइटचं थोडं वेगळं आहे. एमपी-ई ६५ सारख्या लेन्सच्या तोंडाला बाहेरून खाचच दिलेली असते, फ्लॅश थेट बसतो. पण १०० मिमीच्या एल लेन्सचं माप ६७ मिमी आहे आणि तिला मॅक्रोलाइट अडॅप्टर ६७ लागतो. शोधताना नुसता आकडा टाकू नका, अडॅप्टरचं पूर्ण नाव टाका, कारण ६७ म्हटलं की फिल्टरपासून झाकणापर्यंत सगळं समोर येतं.

चिनी कंपन्यांच्या फ्लॅशसोबत बहुतेक वेळा प्लास्टिकच्या रिंगांचा संच येतो. त्यातली एक तुटली तरी बाकीच्या टाकू नका. स्टेप-अपची युक्ती तिथंही चालते. आणि नवीन बनवायची वेळ आलीच, तर नमुना म्हणून त्याच उपयोगी पडतात.

[०७:५०] एकही रिंग उरली नसेल तर?

आधी बाजार. मुंबईत सीएसएमटीजवळ, फोर्टातला बोरा बाजार हा जुना कॅमेरा बाजार. एखादा ओळखीचा तिकडं जात असेल तर त्याच्याकडं फोटो आणि मापं द्या. ऑनलाइन सेकंड हँड घेणार असाल तर विकणाऱ्याकडून दोन्ही बाजूंचे फोटो मागवा, शेजारी पट्टी ठेवून. "बसेल की" या शब्दावर पैसे पाठवू नका.

नाहीच मिळाली तर बनवून घ्यायची. इथं लोक टर्नरकडं जातात आणि म्हणतात, ६२ ला ०.७५ चे आटे पाडून द्या. पातळ ॲल्युमिनियमवर इतके बारीक आटे पाडणं किचकट काम आहे, आणि एका नगासाठी कोण करणार? म्हणून आटे बनवू नका, विकत घ्या. तुमच्या मापाचा सगळ्यात स्वस्त यूव्ही फिल्टर घ्या, काच फुटलेला मिळाला तर उत्तम. काच काढून टाका. राहिली ती धातूची रिंग, तयार आट्यांसह. आता फक्त फ्लॅशकडचा काठ असलेली साधी गोल रिंग बनवायची आणि या रिंगेवर चिकटवायची.

ती साधी रिंग लेथवर होते. सांगली-मिरजेच्या एमआयडीसीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं काम करणारे मिळतात. किंवा थ्रीडी प्रिंट करा. माप घ्यायला व्हर्नियर कॅलिपर लागतो. तो गावातल्या वर्कशॉपमध्ये असतो, पाच मिनिटं मागून घ्या. तीन मापं घ्या: काठाचा बाहेरचा व्यास, काठाची जाडी, आणि खाचेची खोली. प्रत्येक माप तीन वेगवेगळ्या ठिकाणी घ्या, कारण जुनं प्लास्टिक थोडं अंडाकृती झालेलं असतं.

थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए नको, पीईटीजी मागा. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं. एप्रिलमध्ये आटपाडीत उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर रिंग विसरलात, तर ती वाकडी झालीच म्हणून समजा.

चिकटवायला दोन ट्यूबवाला इपॉक्सी वापरा आणि रात्रभर सुकू द्या. झटपट चिकटणारा गोंद नको. त्याची वाफ काचेवर पांढरा थर धरते. आणि हे चिकटवणं लेन्सपासून लांब, टेबलावर करा.

[१०:३०] ब्रॅकेटवाल्यांनो, स्क्रू बघून लावा

काही जण फ्लॅश लेन्सवर न लावता ब्रॅकेटवर लावतात. तिथं हरवतो तो स्क्रू. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची असतो, म्हणजे ६.३५ मिमी, आणि एका इंचात २० आटे. हार्डवेअरच्या दुकानात लगेच मिळतो तो एम६, म्हणजे ६ मिमी, आणि त्याचे आटे जास्त जवळ जवळ. दिसायला सारखाच. एक-दोन फेरे जातो, मग अडतो. तुम्ही पाना लावून जोर दिलात की कॅमेऱ्याचे आटे गेले. दुकानात "पाव इंची, वीस आट्यांचा" असं स्पष्ट मागा, आणि आधी जुन्या ब्रॅकेटच्या नटात हातानं फिरवून बघा.

[११:४०] लावताना आणि काढताना

रिंग लावताना आधी थोडी उलटी फिरवा. टक असा आवाज आला की सरळ फिरवा, म्हणजे आटे तिरके बसत नाहीत. दोन ॲल्युमिनियमच्या रिंगा एकमेकींत अडकतात, म्हणून आट्यांवर पेन्सिलीचं शिसं हलकं घासा आणि भुकटी झटकून मगच लेन्सवर लावा. अडकलीच तर दोन बोटांनी दाबू नका. दाबलं की ती लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. रबर बँड गुंडाळून सगळीकडून सारखं धरा आणि फिरवा.

वजनाचंही बघा. फोकस करताना ज्या लेन्सची पुढची नळी बाहेर येते, तिच्यावर फ्लॅश टांगला की ऑटोफोकसच्या मोटरवर ताण येतो. तिथं मॅन्युअल फोकस करा. बनवलेली रिंग पहिल्यांदा वापराल तेव्हा गादीवर, लेन्स खाली करून हलकं हलवून बघा. टिकली तरच बागेत न्या, आणि फ्लॅशला एक दोरी बांधून ती कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकवा.

शेवटचं, आणि हे गंमतीत घेऊ नका. दुरुस्ती फक्त रिंगेची करायची. फ्लॅशचं अंग उघडायचं नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते, सेल काढल्यावरसुद्धा. बटणाचा दात फ्लॅशच्या आतून तुटला असेल तर ते काम दुरुस्तीवाल्याचं.

[१३:३०] मेसेज करताना

तुमचीही अशी रिंग अडली असेल तर कळवा. फक्त चार गोष्टी पाठवा: फ्लॅशचं मॉडेल, लेन्सचं पूर्ण नाव, टोपणाच्या आतला आकडा, आणि डब्यात उरलेल्या सगळ्या रिंगांचा एकत्र फोटो. बऱ्याचदा उत्तर त्या शेवटच्या फोटोतच असतं. भेटू पुढच्या भागात. तोवर, नमस्कार!